वाचकांचे प्रश्न : पडद्यावरच्या आज्ञा आणि 'बटन'चे ॲट्रिब्यूट

प्रश्न : मी एचटीएमएल स्वतःच शिकत आहे. माझ्या पानावरील फॉर्ममध्ये 'नोंद पुसा' असे लिहिलेला एक 'डिव्ह' (मजकूर ठेवण्याचा साधा कप्पा) आहे. त्यावर क्लिक केले की स्क्रिप्टच्या मदतीने, फॉर्मच्या आतच लिहिलेली खात्रीची चौकट उघडते. तिच्यातील 'राहू द्या' हे बटन दाबले तरी फॉर्म सर्व्हरकडे जातो. जुन्या टिपणात आज्ञांसाठी 'कमांड' नावाचा वेगळा टॅग असल्याचे वाचून तोही वापरून पाहिला, पण पडद्यावर काहीच उमटले नाही. माझे कोठे चुकते आहे?

उत्तर : टिपण खोटे नाही, कालबाह्य आहे. एचटीएमएल ५ च्या मसुद्यांत 'कमांड' हा टॅग खरोखरच होता आणि त्याला लेबल, आयकॉन, डिसेबल्ड, चेक्ड असे ॲट्रिब्यूटही (टॅगमध्ये लिहायचे गुणधर्म) होते. परंतु ब्राउझरांनी तो नीट उचलून धरला नाही आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या आवृत्तीत त्याला स्थान मिळाले नाही. त्याचा नाद सोडावा. आज आज्ञेसाठी योग्य एलिमेंट (टॅगने बनणारा पानाचा घटक) एकच, तो म्हणजे 'बटन'.

आपला फॉर्म का जातो, हे आधी पाहू. फॉर्मच्या आतील बटनाला 'टाइप' हा ॲट्रिब्यूट दिला नाही, तर ब्राउझर ते 'सबमिट', म्हणजे फॉर्म पाठवणारे, समजतो. आपण 'राहू द्या' असे लिहिले आहे खरे, पण ब्राउझर बटनावरील मजकूर वाचून त्याचा हेतू ठरवत नाही. 'टाइप'मध्ये 'बटन' हे मूल्य लिहा, म्हणजे फॉर्म जागेवर राहील. ज्याने फॉर्म पाठवायचा नाही अशा प्रत्येक बटनाला हे मूल्य न विसरता द्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण ही चूक नजरेला दिसत नाही आणि शोधण्यात तासन् तास जातात.

आता त्या 'डिव्ह'कडे वळू. माउसने तो चालतो, म्हणून तो ठीक वाटतो. पण टॅब कळ दाबत जाणाऱ्याला तो सापडत नाही, एंटर किंवा स्पेसने तो उघडत नाही आणि पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्याचा उल्लेख बटन म्हणून करत नाही. हे सारे 'बटन' एलिमेंटमध्ये आयते मिळते, म्हणून 'डिव्ह'च्या जागी तेच वापरावे. ज्यांना माउस धरता येत नाही किंवा पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी आपले पान वापरता येणे किंवा न येणे एवढ्यावरच ठरते, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये.

चौकट 'डायलॉग' एलिमेंटमध्ये ठेवून तिला आयडी (ओळखीचे नाव) द्यावा. 'नोंद पुसा' या बटनाच्या 'कमांडफॉर' या ॲट्रिब्यूटमध्ये तो आयडी आणि 'कमांड' या ॲट्रिब्यूटमध्ये (हा तो जुना टॅग नव्हे) 'शो-मोडल' हे मूल्य लिहावे. आयडीच्या आधी हॅशचे (#) चिन्ह लावू नये. 'राहू द्या'च्या बटनाला तोच आयडी आणि 'क्लोज' हे मूल्य द्यावे. या दोन्ही बटनांचा 'टाइप' मात्र 'बटन'च असावा. चौकट उघडताच मागचे पान निष्क्रिय होते, एस्केप कळ तिला बंद करते आणि मिटल्यावर फोकस (कळफलकाचा रोख) पुन्हा 'नोंद पुसा'वर येतो, तेही स्क्रिप्टची एक ओळ न लिहिता. पॉपओव्हरसाठीही (पानावर तरंगत उघडणाऱ्या छोट्या चौकटीसाठीही) अशीच मूल्ये आहेत. स्वतःची आज्ञा हवी असल्यास तिचे नाव दोन जोडरेषांनी सुरू करावे. मग ज्याचा आयडी दिला त्या एलिमेंटला 'कमांड' हा इव्हेंट (क्रिया घडल्याची सूचना) मिळतो आणि पुढचे काम आपली स्क्रिप्ट करते.

ही सोय नवी आहे. क्रोममध्ये ती २०२५ मध्ये १३५ व्या आवृत्तीपासून आली. जुना ब्राउझर हे ॲट्रिब्यूट ओळखत नाही आणि तक्रारही करत नाही, त्यामुळे बटन नुसते निपचित पडते. म्हणून बटनाच्या ऑब्जेक्टवर 'कमांडफॉरएलिमेंट' हा गुणधर्म आहे का, हे स्क्रिप्टमध्ये तपासावे आणि नसेल तेथेच आपली जुनी क्लिकची पद्धत जोडावी.

'डिसेबल्ड' जपून वापरा. तो लावलेले बटन टॅबच्या मार्गातूनच गळते, त्यामुळे कळफलकावर चालणाऱ्याला ते का बंद आहे हे कळत नाही. कारण शेजारी शब्दांत लिहावे.

शेवटी चौकटीतील बटनांचा क्रम. चौकट उघडली की फोकस साधारणपणे तिच्यातील पहिल्या फोकस घेणाऱ्या एलिमेंटवर जातो. ते 'पुसा', म्हणजे नोंद खरोखर पुसणारे बटन, असेल, तर घाईत दाबलेल्या एका एंटरने नोंद जाईल. 'राहू द्या'ला 'ऑटोफोकस' द्या आणि 'पुसा'चा 'टाइप' 'सबमिट'च राहू द्या.