शब्दांवर हात ठेवून बघा

(लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं निवडायची कशी, याबद्दल आलेल्या काही पत्रांना या अंकात उत्तरं देत आहेत आमच्या स्तंभलेखिका. त्या पूर्वी बालवाडीत शिकवत असत, आता नाशिकमध्ये मुलांचं वाचनालय चालवतात.)

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. प्रदर्शनातून प्राणी, फळं, वाहनं असा पुस्तकांचा संच आणला. ती भराभरा पानं उलटते आणि टाकून देते. तिला पुस्तकांची आवडच नाही का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, आवड लागणार तरी कशाची? पानभर आंबा आणि खाली लिहिलंय ‘आंबा’. आंबा तिला ठाऊक आहे. हा आंबा झाडावरून पडत नाही, कुणी तो चोखत नाही, कुणाच्या सदऱ्यावर रस सांडत नाही. नाव सांगून झालं की पान संपलं. मग ती उलटणारच! वर्षभराच्या बाळाला असे संच बरे. जाड पुठ्ठ्याचे असतील तर आणखी बरे, कारण ते आधी तोंडातच जातात. अडीच वर्षांच्या मुलीला मात्र कुणीतरी काहीतरी करताना दिसायला हवं.

दुकानात मी काय करते सांगू? पुस्तक उघडायचं, मजकुरावर तळहात ठेवायचा आणि नुसतं चित्र बघायचं. समजा, मजकुरात आहे की आजी पिशवी घेऊन बाजाराला निघाली. चित्रातही नेमकी तेवढीच आजी आणि तेवढीच पिशवी असेल, तर चित्रकाराने शब्दांची हमाली केली, बस्स. पण त्या पिशवीतून मांजराची शेपटी बाहेर डोकावत असेल आणि मजकूर तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर ते पुस्तक घ्या. तुम्ही अक्षरं वाचत असता तेव्हा मूल चित्र वाचत असतं. शेपटी तिला तुमच्याआधी दिसते. घरात बाकी सगळं मोठ्यांना आधी कळतं, इथे ती पुढे असते. तेच पुस्तक ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मागते ते यासाठीच. पुढच्या पानावर मांजर कुठे दडलंय, ते तिला तुम्हाला दाखवायचं असतं.

मग एक पान मोठ्याने वाचा. तिथेच, दुकानदार बघत असला तरी. जीभ अडखळली तर ठेवून द्या. हे पुस्तक तुम्हाला रोज रात्री वाचायचं आहे. शेवटचं पानही बघा. ‘म्हणून बाळांनो, मोठ्यांचं ऐकावं’ असलं काही तिथे असेल तर माझ्या मते तेही परत कपाटात. (आमच्या वाचनालयातला एक पठ्ठ्या असलं पान यायच्या आतच पुस्तक मिटतो. मी त्याला अडवत नाही.)

नाव सांगायचंच तर माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा ज्योत्स्ना प्रकाशनाचा संच बघा. घरातलं एकेक माणूस त्यात भेटतं. लिहिणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या बाई एकच, त्यामुळे चित्राने सांगितलेलं शब्दांनी परत सांगायची गरज पडत नाही. साहित्य अकादमीने २०१४ साली त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला, पण तुम्ही तेवढ्यावर जाऊ नका. तिथेही तळहात ठेवून बघा.

प्रश्न : नात चार वर्षांची, न्यू जर्सीला असते. मराठी समजतं, बोलते कमी. १०१ गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक पाठवावं म्हणतो.
– एक आजोबा, संगमनेर

उत्तर : आजोबा, ते पुस्तक तुमच्याजवळच ठेवा, सांगायला कामी येईल. नातीला पातळ चित्रपुस्तकं पाठवा, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती घ्या. एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे. व्हिडिओ कॉलवर पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं की पान चकाकतं आणि बोट कशावर ठेवलंय ते कळत नाही. तिच्या मांडीवर स्वतःची प्रत असली की पान ती उलटते आणि तुम्ही तिच्या मागोमाग जाता. चोवीस पानी पुस्तकाला टपालात वजनही फार भरत नाही.

‘हे काय आहे? याला मराठीत काय म्हणतात?’ हे मात्र विचारू नका, ती परीक्षा होते. मुद्दाम चुकीचं सांगा. चित्रातला बैल टक्क जागा असताना ‘झोपलाय वाटतं हा’ म्हणा. आजोबांची चूक काढायची असेल तर मुलं कुठल्याही भाषेत बोलतात.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत वीसेक मुलं आहेत, बहुतेक ठाकर वस्तीतली. पुस्तकातलं मराठी त्यांच्या घरच्या बोलीपेक्षा वेगळं पडतं. पुस्तकांना पैसेही नाहीत.
– एक सेविका, अकोले तालुका

उत्तर : पैशाचं आधी सांगते. ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. मराठीतली पुष्कळ चित्रपुस्तकं तिथे फुकट उतरवून घेता येतात. लेखक-चित्रकारांची नावं ठेवून ती छापायलाही परवानगी आहे. पुस्तकांना पातळ्या दिलेल्या असतात. पहिल्या पातळीची घ्या, त्यात पानावर एखाद-दुसरं वाक्य असतं. तालुक्याला जाल तेव्हा एकच पुस्तक रंगीत छापून आणा. मोबाईलभोवती वीस मुलं बसवून काही होत नाही.

आणि छापलेलंच वाक्य वाचायला हवं असं कुणी सांगितलं? गोष्ट त्यांच्या बोलीत सांगा. शब्द नसलेलं पुस्तक मिळालं तर फारच छान, मग गोष्ट मुलंच सांगतील.

वर शेपटीचं कौतुक केलं, ते तुमच्या वर्गात मात्र चालणार नाही, मागे बसलेल्यांना ती दिसतच नाही. तुम्ही मोठ्या आकृत्यांची, मोकळ्या पानांची पुस्तकं निवडा. पुस्तक खांद्याजवळ धरा, चित्र मुलांकडे ठेवा आणि तुम्ही मान वळवून बघा. गोष्ट झाली की ते कपाटात कुलूपबंद करू नका, मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. फाटेल, फाटू दे.

प्रश्न : फाटलेली पानं कशी जोडावीत?
– एक वाचक, मिरज

उत्तर : चिकटपट्टीने नको. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि डिंक शेजारच्या पानाला धरतो. पांढऱ्या पातळ टिश्यूची पट्टी मैद्याच्या खळीने लावा, वर वजन ठेवा, रात्रभर वाळू द्या. पतंगाचा कागद वापरू नका, त्याचा रंग उतरतो. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका. तो विषारी असतो आणि लहान मुलं पुस्तकं चाटतात.