हवा गेलेला चेंडू

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांशी नातं असलेले खेळाडू, धर्मगुरू आणि नेते यांची तुझी यादी मिळाली. कष्ट दिसतात. पण वाचताना हजेरीपट वाचल्यासारखं वाटलं. नाव, संस्था, पदक, पद, पुढचं नाव. माणूस काही समोर येत नाही. मीही सुरुवातीला असंच लिहायचो, म्हणून लगेच ओळखू आलं.

जॉन थॉम्पसन घे. जॉर्जटाऊन या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक, १९८४चं राष्ट्रीय विजेतेपद, ते मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. सगळं बरोबर. पण त्यांच्या कचेरीतला तो हवा काढलेला चेंडू कुठे गेला? खेळाडूंना ते तो मुद्दाम दाखवत. चेंडूतली हवा एक दिवस जाणारच, मग तुझ्याकडे काय उरेल, असा त्याचा अर्थ. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्याकडे चारही वर्षं खेळलेल्या ७७ जणांपैकी ७५ जणांनी पदवी घेतली. जानेवारी १९८९मध्ये, परीक्षेतले गुण कमी पडणाऱ्या नवख्या खेळाडूंची शिष्यवृत्ती बंद करणारा नियम येऊ घातला होता. त्याची झळ गरीब, कृष्णवर्णीय मुलांनाच बसणार, असं त्यांचं म्हणणं. बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू व्हायच्या बेतात असताना खांद्यावर नेहमीचा पांढरा टॉवेल टाकणारा हा धिप्पाड माणूस मैदान सोडून चालता झाला. नियम लांबणीवर पडला. तुझ्या यादीत विजेतेपद आहे, हे चालत जाणं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे: प्रत्येक नावापाशी थांबून विचार, या माणसाने कधी पदरचं काही गमावलं का? आणि संस्थेने?

संस्थेबद्दल विचारायचं तर सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा अमेरिकन फुटबॉलचा संघ बघ. हेही जेझुइटांचंच. नऊ सामने, नऊ विजय. हंगामाअखेरच्या मोठ्या, पैसे मिळवून देणाऱ्या सामन्याचं आमंत्रण मिळायला हवं होतं. पण ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवलेत तरच, असा निरोप आला. पोरांनी नकार दिला. त्या पैशांची विद्यापीठाला किती गरज होती हे यावरून समज, की तोट्यातला तो फुटबॉल संघ त्या हंगामानंतर बंदच झाला. मॅटसन पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावण्यात दोन पदकं घेऊन आला. टोलरचा गुडघा गेला, खेळ संपला. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला आणि १९६५मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. तू मॅटसनला अर्धं पान दिलंस आणि टोलरला वगळलंस! पदकं मोजत गेलं की असंच होतं.

फादर हेस्बर्ग यांच्यापुढे 'नोटर डेम विद्यापीठाचे ३५ वर्षं अध्यक्ष' एवढंच आहे. निक्सन सरकारला खडे बोल सुनावल्यामुळे १९७२मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचं अध्यक्षपद गेलं, ही ओळ घाल. बाकी त्यांच्या मानद पदव्या मोजत बसू नकोस.

आता जरा अडचणीचं. 'धर्मगुरू' या सदरात फादर टॉमस मलेडी यांचं नाव तू कौतुकाने लिहिलंयस: जॉर्जटाऊनचे अध्यक्ष, इमारती उभारणारे. १८३८मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम माणसं लुइझियानात विकली, तो व्यवहार तिथल्या जेझुइटांचे प्रमुख म्हणून मलेडींनीच केला. किंमत १,१५,००० डॉलर, आणि त्यातला काही भाग जॉर्जटाऊनचं कर्ज फेडायला गेला. त्यांचं नाव यादीतून काढू नकोस, पण ही विक्री त्या नावाखालीच लिही, तळटीपेत ढकलू नकोस. विद्यापीठानेही २०१७मध्ये, पूर्वी त्यांच्या नावाची असलेली इमारत आयझॅक हॉकिन्स यांच्या नावे केली. विक्रीच्या कागदावर विकलेल्या माणसांतलं पहिलं नाव आयझॅक यांचं होतं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत एका वसतिगृहाचं जुनं नाव उतरवून टोलरचं नाव लागलं. म्हणजे यादी या संस्थाही अजून खोडतायत, नव्याने लिहितायत. तुझी एका बैठकीत पक्की होईल, असं कशाला धरून चालतोस?

चाळीस नावं जड होतायत. बारा ठेव. आधी टोलर लिहून पाठव, मग थॉम्पसन. मलेडींवर लिहिताना अडलास तर फोन कर, ते एकट्याने लिहायला मलाही जमलं नव्हतं.

तुझा,
दादा