वाचकांचे प्रश्न : वर्गातल्या चित्रस्लाइड

वर्गात चित्रांच्या स्लाइड दाखवून शिकवणाऱ्या शिक्षकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी सहावीला इतिहास शिकवते. वेरूळच्या लेण्यांवर मी चाळीस स्लाइड केल्या असून प्रत्येकीवर एक छायाचित्र आणि त्याखाली पाठातला परिच्छेद आहे. मुले परिच्छेद वहीत उतरवून घेतात, पण दुसऱ्या दिवशी कैलास लेण्याविषयी विचारले तर गप्प बसतात. छायाचित्रे उत्तम आहेत, मग चुकते कुठे?
(शिक्षिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : मुले उतरवून घेत आहेत, म्हणजे त्यांचे डोळे चित्रावर नाहीत, परिच्छेदावर आहेत. पडद्यावर छापील मजकूर आला की तो परीक्षेला येणार असे मुले गृहीत धरतात, आणि आजवरच्या अनुभवावरून त्यांचे ते अनुमान काही अगदीच चुकीचे नसते. त्यातच आपण तोच परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवत असाल तर अडचण आणखी वाढते. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर अनेक वर्षे प्रयोग केले आहेत. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्र एकत्र आले तर शिकणे अधिक चांगले होते, हे त्यांनी दाखवले; त्याचबरोबर, चित्र दाखवून बोलत असताना बोललेलीच वाक्ये पडद्यावरही छापली तर त्याचा बहुधा अडथळाच होतो, हेही त्यांच्या प्रयोगांतून पुढे आले. वाचण्यासाठी डोळे लागतात आणि चित्र पाहण्यासाठीही डोळेच लागतात. कान मात्र मोकळे असतात. म्हणून परिच्छेद स्लाइडवरून काढून पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडच्या खाली असलेल्या ‘नोट्स’च्या चौकटीत ठेवावा, म्हणजे प्रेझेंटर व्ह्यूमध्ये तो आपल्याला संगणकावर दिसतो आणि मुलांना दिसत नाही. वहीत लिहायचे चार मुद्दे तासाच्या शेवटी फळ्यावर द्यावेत.

आता चाळीस स्लाइडविषयी. एका तासात चाळीस छायाचित्रे दाखवता येतात, पण ती पाहिली जात नाहीत. एकट्या कैलास लेण्यासाठी चार-पाच चित्रे पुरेशी आहेत. मात्र प्रत्येक चित्र कोणत्या प्रश्नासाठी आहे, हे आपल्या मनाशी आधी ठरलेले हवे. पहिले चित्र समोरच्या प्रवेशद्वाराचे नको. बाजूच्या टेकडीवर चढून, कड्यावरून खाली पाहत घेतलेले छायाचित्र निवडावे. त्यात चहूबाजूंचा अखंड खडक, मधला खोल चौक आणि त्या चौकात उभे असलेले मंदिर एकाच दृष्टिक्षेपात दिसते. हे चित्र पडद्यावर ठेवून काही क्षण काहीच बोलू नये. मग विचारावे, “कारागिरांनी कामाला सुरुवात कुठून केली असेल?” बहुतेक मुले पायापासून असे सांगतील. त्यांना मंडपाच्या छतावर कोरलेले मोठे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह दाखवावेत, आणि एवढे नक्षीकाम इतक्या उंच छतावर कसे कोरले असेल, हे त्यांनाच शोधू द्यावे. काम वरून खाली होत गेले, शिखर आधी घडले आणि पाया शेवटी, हे एखाद्या मुलीने स्वतः ओळखले की आठवे शतक, राष्ट्रकूट आणि कृष्ण पहिला ही नावे सांगण्याची वेळ येते. ही माहिती आधी दिली तर ती कोरडी सनावळी होते. प्रश्न पडल्यानंतर दिली तर ती उत्तर म्हणून येते.

दुसरे चित्र आकारमानासाठी असावे. मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच आहे, असे नुसते सांगून सहावीच्या मुलाला काही कळत नाही; म्हणून चौकातल्या हत्तीजवळ किंवा ध्वजस्तंभाजवळ माणूस उभा असलेले छायाचित्र शोधावे. छायाचित्रात माणसे आली की ते बिघडले असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण शिकवण्याच्या कामी असेच छायाचित्र उपयोगी पडते.

तिसरे चित्र रावणाने कैलास हलवल्याच्या शिल्पाचे घ्यावे, आणि तेथे एकच छायाचित्र लागोपाठच्या दोन-तीन स्लाइडवर वापरावे : आधी संपूर्ण शिल्प, मग स्लाइडची नक्कल करून क्रॉप केलेला, म्हणजे तेवढाच कापून घेतलेला, खालचा रावण, नंतर वरचे शिव-पार्वती. पार्वतीने शिवाचा हात धरला आहे आणि मागे दासी घाबरून पळते आहे, हे संपूर्ण चित्रात नजरेतून निसटते. जवळून मात्र मुले ते आपणहून सांगतात. संपूर्ण चित्र आधी दाखवणे सोडू नये, कारण तुकडा कुठला आहे हे कळले नाही तर जवळून पाहण्याला अर्थ उरत नाही. चर्चा सुरू झाली की कळफलकावरचे इंग्रजी ‘बी’ दाबावे. स्लाइड शोमध्ये पडदा काळा होतो आणि मुलांचे लक्ष आपल्याकडे येते. पुन्हा तेच दाबले की चित्र परत येते.

ही रीत नवी नाही, हे जाता जाता सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धन कुटुंबाने ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले, त्यात पडद्यावर चित्र असे आणि कथा तोंडी सांगितली जाई.

प्रश्न : मोबाइलवर स्पष्ट दिसणारी चित्रे मोठ्या पडद्यावर धूसर होतात. उलट चांगली चित्रे घातली की फाइल इतकी जड होते की शाळेचा संगणक अडकून पडतो. शिवाय आमच्या वर्गाच्या खिडक्यांना पडदे नाहीत, उजेड फार येतो.
(विज्ञान शिक्षक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : बरेच डिजिटल पडदे १९२० × १०८० पिक्सेलचे (चित्रबिंदूंचे) असतात, आणि चित्र जर ४०० पिक्सेल रुंदीचे असेल तर ते ताणले जाऊन फुटणारच. शोधयंत्राच्या निकालात दिसणारे छोटे चित्र उचलण्याऐवजी मूळ पानावर जाऊन मोठ्या आकाराचे उतरवून घ्यावे. सहकाऱ्याकडून व्हॉट्सअॅपवर छायाचित्र मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास त्याचा आकार कमी केला जातो. फाइल जड होण्याचे कारण याच्या उलट असते : मोबाइलच्या कॅमेऱ्यातले छायाचित्र बहुधा पडद्याच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठे असते. पॉवरपॉइंटमध्ये चित्रांचा आकार कमी करणारा ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ हा पर्याय आहे. तेथे १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) निवडले तर वर्गासाठी पुरते. मात्र ज्या छायाचित्राचा तुकडा मोठा करून दाखवायचा आहे, त्याचा तुकडा आधी कापून घ्यावा आणि कॉम्प्रेस नंतर करावे.

उजेडाच्या खोलीत गडद चित्रे मरतात. तेथे पांढरी पार्श्वभूमी ठेवावी, छायाचित्राचा उजळपणा थोडा वाढवावा आणि तास सुरू होण्यापूर्वी शेवटच्या बाकावर बसून एकदा पाहावे.

प्रश्न : हृदयाची आकृती शिकवताना मी भागांना १ ते १२ आकडे देते आणि बाजूला नावांची यादी देते. मुलांचा गोंधळ होतो.
(शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : आकडा पाहून यादीकडे आणि यादीतून परत आकृतीकडे जाण्यात मुलांची शक्ती खर्च होते. नाव त्या भागाला लागूनच लिहावे, आणि बारा नावे एकदम न दाखवता रक्ताच्या वाटेने एकेक आणावे : आधी उजवे अलिंद, मग उजवे निलय, मग फुप्फुसाकडे जाणारी धमनी. आकृतीत हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, हे पहिल्याच स्लाइडवर सांगून टाकावे. एखाद्या मुलाला समोर उभे केले तर ते लगेच पटते. आकृतीतल्या निळ्या रंगाचाही खुलासा करावा, नाहीतर शरीरात खरोखर निळे रक्त वाहते अशी समजूत बरीच वर्षे टिकते. लाल-हिरवा भेद न ओळखणारी मुले वर्गात असू शकतात, म्हणून रंगाबरोबर बाणाचीही खूण ठेवावी.

प्रश्न : इंटरनेटवरची चित्रे वापरली तर कायद्याची अडचण येते का?
(मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला सूट दिली आहे, त्यामुळे वर्गातल्या वापराची फारशी काळजी नसावी. तीच फाइल यूट्यूबवर टाकली किंवा पुस्तिकेत छापून विकली तर गोष्ट वेगळी होते. अशा कामासाठी विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रांच्या संकेतस्थळावरची चित्रे घ्यावीत आणि परवान्यात सांगितल्याप्रमाणे छायाचित्रकाराचे नाव द्यावे. नाव देण्याची सवय वर्गातही असावी.

प्रश्न : घरी नीट दिसणारी मराठी अक्षरे शाळेच्या संगणकावर चौकोन किंवा इंग्रजी चिन्हे होऊन दिसतात.
(शिक्षक, अकोला जिल्हा)

उत्तर : जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमुळे असे होते. मंगल, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरावा आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवावी.

प्रश्न : शिवराज्याभिषेकाचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतले आहे. मुलांना फार आवडले. ते वापरावे का?
(शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : इतिहासाच्या तासाला पुरावा म्हणून ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राने काढलेल्या चित्रातला पोशाख, शस्त्रे आणि गडाची बांधणी कोणत्याही साधनावर आधारलेली असेलच असे नाही. पण चित्र इतके सफाईदार असते की ६ जून १६७४ रोजी रायगडावर असेच दिसले असेल, असे मुले मानून चालतात. नेदरलँड्समधील राइक्स म्युझियमच्या संग्रहात शिवाजी महाराजांचे सतराव्या शतकातले चित्र आहे. ते स्लाइडवर घेऊन कोपऱ्यात ‘सतरावे शतक, राइक्स म्युझियम’ असे लिहावे. आपले यंत्रचित्र दाखवायचेच असेल तर त्यावर ठळक ‘काल्पनिक’ असे लिहून ते त्याच्या शेजारी ठेवावे, आणि पागोटे, दागिने व शस्त्रे यांत कुठे फरक पडतो, हे मुलांना शोधायला सांगावे.