मार्खा खोऱ्यात जाणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. शनिवारी सकाळी लेहला उतरायचं, रविवारी चिलिंगहून चालायला लागायचं आणि गुरुवारी कोंगमारू ला ही खिंड ओलांडून परत. अंतरं तू बरोबर मोजली आहेस. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढून आलेल्या पायांना मार्खा खोऱ्यातलं रोजचं चालणं मुळीच जड नाही. तरीही हा आराखडा फाडून टाक, हे सांगायला मी पत्र लिहायला बसले आहे.

आपलं कळसूबाई 1,646 मीटर. लेह गावच सुमारे 3,500 मीटरवर आहे. विमान तुला काही तासांत तिथे नेऊन ठेवतं, पण शरीराला ती उंची पचवायला दिवस लागतात. श्वास खोल होतो, लघवी वाढते, झोप तुटक लागते, आणि या सगळ्यातून रक्त हळूहळू विरळ हवेशी जुळवून घेतं. या कामाला घाई चालत नाही. तुझं वय, तुझा व्यायाम, तुझी सह्याद्रीतली पन्नास किल्ल्यांची यादी, यातलं काहीच ते लवकर उरकून देत नाही. उलट तरुण आणि तगडी माणसंच जास्त फसतात, कारण पाय चालत असतात आणि डोक्याकडे लक्ष नसतं.

हे मी पाहिलं आहे. 1998 साली आम्ही सहाजण असेच घाईनं निघालो होतो. लेहमध्ये एक रात्र, मग झिंगचेन, मग युरुत्से. युरुत्से म्हणजे गंडा ला या खिंडीच्या अलीकडचं एकच घर, सुमारे 4,150 मीटरवर. आमच्यातल्या एकाचं डोकं लेहपासूनच दुखत होतं. आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल म्हणून तो बोलला नाही. रात्री उलट्या झाल्या. सकाळी तंबूतून बाहेर आला तो तिरका चालत, दारू प्यायल्यासारखा. आम्ही म्हणालो, झोप झाली नाही. आमच्या घोडेवाल्यानं मात्र त्याला एका रेषेत, टाचेला पायाचं बोट लावून चालायला सांगितलं. तीन पावलांत तो कलला. "नीचे. अभी," एवढंच घोडेवाला म्हणाला. सामान तिथेच टाकून त्याला घोड्यावर बसवून झिंगचेनला उतरवला. संध्याकाळपर्यंत तो लेहच्या इस्पितळात होता. वाचला. मेंदूला सूज आली होती. अजून एक रात्र वर काढली असती तर काय झालं असतं, हे मला आजही मनात आणवत नाही.

म्हणून डोकेदुखी लपवायची नाही. तू नाहीस, तुझ्याबरोबरच्या कुणीही नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, यातलं काहीही असलं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. तोल गेला, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोल, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांग. पण गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस कापायचा नाही.

आता दिवसांचं. लेहमध्ये तीन रात्री. पहिला दिवस नुसता पडून राहा आणि पाणी पी. दुसऱ्या दिवशी गाडीनं ठिकसे किंवा स्पितुक पाहा, पायऱ्या थांबत थांबत चढ. चौथ्या दिवशी चिलिंगहून झांस्कार नदी ओलांडून स्क्यूला. स्क्यू लेहपेक्षा थोडं खालीच आहे, म्हणून तुला मी गंडा लाच्या वाटेनं न पाठवता इथून पाठवते आहे. स्क्यू ते मार्खा एका दिवसात करतात, पण तो दिवस फार लांब होतो. मध्ये साराला मुक्काम कर. मग मार्खा गाव, मग हांकर. हांकरहून निमालिंगला सगळे एका दमात जातात आणि तिथेच बहुतेकांचं डोकं धरतं, कारण सुमारे 4,000 वरून एकदम 4,800 मीटरवर झोपायला जायचं असतं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये, हा साधा नियम आहे. म्हणून मध्ये थाचुंगत्सेला एक रात्र. मग निमालिंग, मग खिंड, मग हेमिस. वर एक दिवस राखीव. अकरा दिवस झाले. तेवढी रजा यंदा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा. मार्खा नदी तिथेच आहे.

जुलै-ऑगस्टपेक्षा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मला आवडतो. लडाखमध्ये पाऊस जेमतेम, वर्षाला सुमारे 100 मिलिमीटर. नद्यांना पाणी येतं ते बर्फाचं. दुपारचं ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघ्याइतका असलेला प्रवाह चारपर्यंत मांडीला लागतो. पाण्यात उतरायचं असेल ते सकाळीच. सप्टेंबरात हे पाणी ओसरलेलं असतं, आणि खोऱ्यात सातूची कापणी चाललेली असते. सगळं घर शेतात ओळीनं बसून कापतं आणि कापताना गातं. लांबून ते गाणं ऐकू आलं की वाटेत थांब.

राहायचं घरांतच. तंबू नेऊ नकोस, फक्त थाचुंगत्से आणि निमालिंगला तिथल्या तंबूंत झोपावं लागेल. या घरांमागची गोष्ट तुला माहीत असू दे. हे सगळं हेमिस राष्ट्रीय उद्यान आहे, हिमबिबट्याचं घर. बिबट्या हिवाळ्यात गोठ्यात शिरला की एका रात्रीत कित्येक शेळ्यामेंढ्या मारायचा, आणि मग लोक त्याला मारायचे. या शतकाच्या सुरुवातीला रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सीनं गावकऱ्यांबरोबर बसून दोन गोष्टी उभ्या केल्या: गोठ्यांवर जाळी, आणि चालणाऱ्यांसाठी घरात मुक्काम. जिवंत बिबट्यामुळे पाहुणे येतात, पाहुण्यांमुळे घरात पैसे येतात. तू त्या घरात देशील तो पैसा सरळ तिथे पोचतो. त्यात घासाघीस करू नकोस.

घरात बसायची जागा म्हणजे स्वयंपाकघर. मध्ये नक्षीची लोखंडी चूल, भिंतीवर फळ्यांवर ओळीनं लावलेली पितळी-तांब्याची भांडी. त्यातली बरीच चिलिंगच्या कारागिरांची असतात. त्यांचे पूर्वज नेपाळातून शेयची बुद्धमूर्ती घडवायला आले आणि इथेच राहिले, असं सांगतात. रात्री स्क्यू मिळेल. गावाचं नाव आणि पदार्थाचं नाव सारखंच वाटेल. अंगठ्यानं दाबलेले कणकेचे तुकडे भाजीच्या रश्शात शिजवलेले असतात. पहिला घास घेशील तेव्हा आपल्या चकोल्या आठवतील. गुरगुर चहा खारट आणि लोण्याचा असतो. पेला रिकामा केलास की लगेच भरला जातो, म्हणून नको असेल तेव्हा तो भरलेलाच ठेव आणि निघताना पिऊन टाक. आत शिरताना "जुले", बाहेर पडताना "जुले".

संडास मातीचा असतो. वरच्या खोलीत जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग, फावडं. वापरून झालं की माती लोटायची. त्यात पाणी ओतायचं नाही, साबण नाही, प्लास्टिक नाही, कारण त्याचंच खत होऊन वसंतात शेतात जातं. पाळी येणार असेल तर वापरलेले पॅड घट्ट बांधून स्वतःच्या सॅकमधून लेहपर्यंत परत आण. त्यांची विल्हेवाट लावायला त्या खोऱ्यात जागाच नाही. तुला हे कोणी सांगणार नाही म्हणून मी लिहिते आहे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नकोस, घरात उकळलेलं पाणी भरून देतात. शेजारच्या स्टोक कांगरी या डोंगरावर इतकी माणसं आणि इतका मैला झाला की 2020 मध्ये तो चढाईसाठी बंद करावा लागला. त्याच बर्फाचं पाणी खाली स्टोकची माणसं पितात.

आणि आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे जादा दिवस मागते आहे ते सांगते. मार्खा गावाच्या पुढे, नदीच्या वर, एका सुळक्यासारख्या कड्यावर तेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. खालून पाहिलं तर कातळाचाच भाग वाटतो. बहुतेक लोक मान वर करून फोटो काढतात आणि पुढे जातात, कारण हांकर गाठायचं असतं. तू वर जा. नागमोडी वाट उभी आहे, हळू चढ. दार बंद असण्याची शक्यता जास्त. या खोऱ्यातल्या लहान गोम्पांची किल्ली एखाद्या लामाकडे किंवा गावातल्या एखाद्या घरात असते. सकाळीच मुक्कामाच्या घरी विचार, आणि किल्ली येईपर्यंत ओट्यावर बसून राहा. मी एकदा दोन तास बसले होते. खाली नदीच्या दोन्ही काठांना सातूच्या शेतांचे पिवळे तुकडे, त्यापलीकडे एक हिरवं पान नसलेले डोंगर. मग एक म्हातारे लामा काठी टेकत आले, कुलूप उघडलं, माझ्याकडे न पाहता आधी लोण्याचा दिवा लावला आणि पठण सुरू केलं. मी कोपऱ्यात बसले. कुणी काही समजावून सांगितलं नाही. धुरानं काळवंडलेल्या भिंतींवरचे चेहरे डोळे अंधाराला सरावल्यावर एकेक करून दिसायला लागले.

आपण कार्ल्याला, भाज्याला, जुन्नरला किती वेळा गेलो. घाटवाटांच्या कडेला भिक्खूंनी पावसाळा काढण्यासाठी कोरलेले विहार, त्यात दगडाचे ओटे. तिथे उभी राहून मी नेहमी कल्पना करायचे की इथे माणसं राहत असताना कसं असेल. तेचाच्या त्या खोलीत मला ते पाहायला मिळालं. कार्ल्याच्या चैत्यातला स्तूप तोच इथला चोर्तेन, आणि प्रदक्षिणाही तशीच, उजव्या हाताला ठेवून. वाटेत मणी-भिंती लागतील, "ॐ मणि पद्मे हूँ" कोरलेल्या दगडांच्या. त्याही उजव्या हाताला ठेवूनच जा, दुसरी वाट जवळची असली तरी. त्यांवर बसू नकोस, सॅक टेकू नकोस, आणि एकही दगड आठवण म्हणून उचलू नकोस. प्रत्येक दगड कुणीतरी कुणासाठी तरी कोरला आहे.

गोम्पात बूट बाहेर, फ्लॅश नाही, दक्षिणापेटीत जमेल तेवढं टाक.

निमालिंग म्हणजे कुरणाचं पठार. समोर 6,400 मीटरचा कांग यात्से, संध्याकाळी मेंढ्यांचे कळप परततात तेव्हा सगळं पठार आवाजानं भरतं. रात्री पाणी गोठतं. कोंगमारू लासाठी पहाटे निघा. खिंड सुमारे 5,200 मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून किंचित जास्त, म्हणून दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. वर पताकांपाशी लडाखी माणसं "की की सो सो, ल्हा ग्यालो" ओरडतात, देवांचा जय असो. तूही ओरड. पण फार वेळ थांबू नका. उतार अरुंद घळीतून आहे, ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, जांभळे-हिरवे खडक पाहताना पाय मुरगळतो.

हेमिसला पोचशील तेव्हा दमलेली असशील. तरी एक रात्र तिथेच राहा आणि सकाळच्या पूजेला दुखांगमध्ये, म्हणजे मठाच्या सभागृहात, जाऊन बस. राजा सेंगे नामग्यालच्या काळातला, सतराव्या शतकातला हा मठ लडाखमधल्या सर्वांत मोठ्या मठांपैकी एक आहे. मुखवट्यांच्या नाचांचा त्सेचू उत्सव उन्हाळ्यातच होऊन गेलेला असेल, अंगण रिकामं असेल. मला ते तसंच बरं वाटतं.

बाकी किरकोळ. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घे. रोख रक्कम लेहमध्येच काढ. सनस्क्रीन कानांनाही लाव.

स्लीपिंग बॅग विकत घेऊ नकोस, माझी ने. उन्हात घालून ठेवली आहे. चेन गुडघ्यापाशी अडकते, तिथे ओढू नकोस. आतलं कापड बोटानं सोडव, मग ती सरकते.

तुझी,
मावशी