एएएसवर (अणुशोषण वर्णपटमापीवर) शिशाचे समस्थानिक, म्हणजे त्याचे वेगवेगळ्या वस्तुमानांचे अणू, मोजून मातीतील शिशाचा उगम सांगता येईल का?

नाही. एएएस एकूण शिसे सांगते. शिशाच्या समस्थानिकांच्या शोषणरेषा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की तुमच्या महाविद्यालयातील यंत्राला त्या वेगळ्या दिसणार नाहीत. त्यासाठी आयसीपी-एमएस, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे यंत्र हवे, आणि बारीक भेद हवे असतील तर त्याचा मल्टिकलेक्टर प्रकार, जो अनेक समस्थानिक एकाच वेळी मोजतो. परंतु यंत्र मिळाले की उत्तर मिळाले, या समजुतीपायी कोल्हापुरात माझे एक वर्ष वाया गेले आहे.

रंकाळा तलावाच्या गाळातील शिशात शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा, वाटा किती, हा माझा विषय होता. काठावरच्या एका लहान मारुतीच्या मूर्तीवरून गळालेली खपली मी गुरवकाकांना विचारून उचलली होती. नखाएवढा तुकडा, वरून केशरी, तेलाने चिकट. मोडला तेव्हा आतल्या थरात गडद लाल दाणे दिसले. ते मी पाहिले आणि सोडून दिले, ही माझी चूक. अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून नमुना बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवला. अहवालात शिशाच्या २०६ आणि २०४ वस्तुमानाच्या समस्थानिकांचे, म्हणजे २०६/२०४ हे गुणोत्तर ८.१ आले. आमचे वरिष्ठ हरखले : "अतिप्राचीन खनिज! लगेच लेख लिहायला घ्या." मी म्हटले, "सर, कॅन्यन डायब्लो उल्केतील, म्हणजे सूर्यमालेच्या जन्मवेळच्या, मूळ शिशाचेच गुणोत्तर सुमारे ९.३ आहे, युरेनियम-२३८ च्या क्षयातून २०६ ची भर पडून ते पुढे वाढतच जाते, मग आपला मारुती पृथ्वीहून जुना ठरतो." त्यावर मला यंत्रापेक्षा शहाणा ठरवण्यात आले.

वास्तविक २०७/२०६ हे गुणोत्तर अगदी नेहमीचे होते, म्हणजे बिघाड २०४ मध्येच होता. ते लाल दाणे हिंगुळाचे, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचे. पाऱ्याचाही २०४ वस्तुमानाचा समस्थानिक असतो आणि नैसर्गिक शिशात २०४ चा वाटा जेमतेम १.४ टक्के, त्यामुळे पाऱ्याची त्यात भर पडली की गुणोत्तर कोसळते. पुढे महिनाभर मागे लागून मूळ नोंदी मिळवल्या, तेव्हा २०२ या वस्तुमानावरचा, म्हणजे पाऱ्याच्याच दुसऱ्या समस्थानिकाचा, संकेत भलामोठा निघाला. वरिष्ठांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि चहा मागवला; चूक झाली हे शब्द त्यांच्या तोंडून आजतागायत निघालेले नाहीत.

म्हणून नमुना देण्यापूर्वी रेझिनच्या स्तंभातून शिसे वेगळे करून घ्या, आणि प्रयोगशाळेकडून २०२ च्या नोंदी, ब्लँक (नमुना न घातलेले द्रावण) व प्रमाणित शिशाची त्याच दिवशीची मोजमापे लेखी मागा. "तुम्हाला ते कशाला हवे?" असे उत्तर आले, तर नमुने परत घ्या. हुद्दा पाहून गप्प बसू नका. मी बसलो असतो, तर तो लेख छापून आला असता.

दोन गोष्टी राहिल्या. केवळ २०७/२०६ आणि २०८/२०६ वर भागत असेल, तर साधे क्वाड्रुपोल प्रकारचे आयसीपी-एमएसही ढोबळ कामाला चालते, आणि तेथे पारा आड येत नाही. शिवाय प्रकाशीय पद्धती सर्वच जड धातूंना निरुपयोगी नाहीत : युरेनियमच्या ४२४.४ नॅनोमीटरजवळच्या रेषेत २३५ आणि २३८ यांच्यात सुमारे ०.०२५ नॅनोमीटरचे अंतर पडते, जे चांगल्या वर्णपटमापीला दिसते. शिशाच्या बाबतीत मात्र ती आशा धरू नका, आणि मातीबरोबर तेथील जुना रंग व बॅटरीचे शिसेही मोजून घ्या. तुलनेला काही नसेल, तर गुणोत्तरावरून उगम ठरत नाही.