सुट्टीचे ४५ दिवस आणि हाती लागणारे ९६ तास

‘एम.ए.चे पहिले वर्ष संपले. आता सुट्टीत बॅक राहिलेला पेपर काढू, नेटची (प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) तयारी सुरू करू की संशोधन प्रकल्पाचा विषय ठरवू? आणि गावी गेल्यावर यातले काहीच झाले नाही, तर मी मागे पडणार का?’ मे महिन्यात माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. मराठवाड्यातील एका महाविद्यालयात समुपदेशक म्हणून काम करताना आलेला असाच एक अनुभव येथे सांगत आहे. त्या विद्यार्थिनीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, वसमत तालुक्यातल्या एका हळद पिकवणाऱ्या घरातली. आली तेव्हा तिच्या हातात कार्डशीटची गुंडाळी होती. तिने ती टेबलावर उलगडली आणि कोपरे दबावेत म्हणून माझा पाण्याचा तांब्या एका कडेला ठेवला. पहाटे चार ते रात्री दहा असा तो तक्ता होता. लाल स्केचपेनने नेट, हिरव्याने परिमाणात्मक पद्धतींचा राहिलेला पेपर, निळ्याने प्रकल्प. रोज १४ तास. ४५ दिवसांच्या हिशेबाने ६३० तास. जेवणाला अर्धा तास दिला होता, आणि आईवडील, लग्नकार्ये, शेत, ऊन यांपैकी कशाचाही त्या कागदावर उल्लेख नव्हता.

‘दिवाळीच्या सुट्टीतही असाच तक्ता केला होता का?’ असे मी विचारले. केला होता. तो चौथ्या दिवशी मोडला आणि उरलेली सुट्टी आपण काहीच करत नाही या टोचणीत गेली. ‘अभ्यास होईना गेलाय सर, अन् घरकामातबी मन लागंना,’ असे ती म्हणाली. तिची रूममेट सुट्टीत पुण्याला नेटच्या वर्गाला चालली होती, त्याचाही सल मनात होता.

येथे माझी एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. सुरुवातीच्या काही वर्षांत मी अशा विद्यार्थ्यांना त्यांच्यापेक्षा नेटका तक्ता करून देत असे, आणि तोही चौथ्या दिवशीच मोडत असे. कोरा कागद घेऊन त्यावर अभ्यासाचे तास मांडणे हीच मुळात उलटी रीत आहे, हे समजायला मला वेळ लागला. आधी घरचे दिनमान मांडावे आणि त्यात जी फट उरते तेवढीच अभ्यासाची मानावी.

म्हणून तिला कार्डशीट उलटी करायला सांगितली आणि मागच्या बाजूवर घरचे काय काय आहे ते लिहायला लावले. हळद शिजवून, वाळवून झाली होती, पॉलिशचे थोडे बाकी होते. पण लागवडीसाठी बेणे निवडायचे होते. जेठे गड्डे वेगळे काढायचे, कुजके बाजूला टाकायचे, मुळ्या साफ करायच्या, हे बायकांचे काम आणि त्याला किमान सात दिवस. मामेबहिणीचे लग्न, चार दिवस. येणे-जाणे, दोन दिवस. म्हणजे १३ दिवस वजा. उरलेल्या ३२ दिवसांत दुपारी एक ते चार पत्र्याखाली बसवत नाही. तेव्हा पहाटे पाच ते सात आणि रात्री साडेआठ ते साडेनऊ, असे दिवसाला तीन तास. ३२ गुणिले तीन, ९६. तिने तो आकडा दोनदा तपासला. ६३० वरून ९६ वर आल्यावर तिला रडू येईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात तिने सुस्कारा सोडला.

९६ तास तीन ठिकाणी वाटायचे म्हणजे प्रत्येकाची निकड पाहायची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमाला ८८ श्रेयांक (क्रेडिट) आहेत आणि संशोधन प्रकल्पाला त्यांतले तिसऱ्या सत्रात चार व चौथ्या सत्रात सहा मिळतात. राहिलेला पेपर चार श्रेयांकांचा. एका श्रेयांकाला अध्यापनाचे १५ तास या हिशेबाने त्याचे ६० तास वर्गात झालेलेच होते. सहसंबंध आणि प्रतीपगमन (रिग्रेशन) ही संख्याशास्त्राची दोन प्रकरणे कच्ची राहिली होती, एवढेच. त्याला ३६ तास दिले. नेटच्या बाबतीत मी जरा कठोर झालो. पहिल्या पेपरमध्ये दहा घटक, प्रत्येकी पाच प्रश्न, एकूण १०० गुण. दुसऱ्यात विषयाचे १०० प्रश्न, २०० गुण. हे सगळे सुट्टीत उरकण्याचा हट्ट सोडून तिने पहिल्या पेपरचे संशोधन अभियोग्यता आणि माहितीचे विश्लेषण हे दोनच घटक घ्यावेत, असे ठरले. कारण त्यांचा उपयोग बाकीच्या दोन्ही कामांना होणार होता. त्याला २० तास. रूममेटच्या वर्गाबद्दल एवढेच म्हणालो की, विषयाचे निम्मे पेपर शिकायचे बाकी असताना लावलेल्या वर्गातून धीर मिळतो, पण तयारी फारशी होत नाही. हे माझे मत. ते सगळ्यांना पटत नाही.

उरलेले ४० तास प्रकल्पाला. याचे कारण तिच्या विषयातच होते. तिने ‘मराठवाड्याची कृषी अर्थव्यवस्था’ असा भलामोठा विषय लिहून आणला होता. विषय ठरवण्याचा अधिकार मार्गदर्शकांचा, म्हणून मी तिला गावी जाण्याआधी त्यांच्याकडे पाठवले. त्यांनी तो कापत कापत गावातल्या लहान हळद उत्पादकांच्या काढणीनंतरच्या खर्चावर आणून ठेवला आणि ३० कुटुंबांची प्रश्नावली करायला सांगितली. शिजवणीचे भाडे किती, पॉलिशला काय पडले, मजुरी रोख दिली की मालात, हे शेतकऱ्याला मे महिन्यात तोंडपाठ असते. तेच ऑक्टोबरात विचारले तर तो अंदाज सांगतो, आणि अंदाजावर प्रकल्प उभा राहत नाही. शिवाय गावात नेटवर्क भरवशाचे नसल्याने शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे विषयाच्या जवळचे दोन-तीन प्रबंध वसतिगृहाच्या वायफायवरच उतरवून घे, असेही तिला बजावले.

एक गाठ मात्र कागदावर सुटणारी नव्हती. पेपर संपले की अभ्यासही संपला, अशी घरच्यांची समजूत होती, आणि ती चुकीची आहे हे तिने घरी कधी सांगितलेच नव्हते. पहाटे पुस्तक उघडले की ‘पोरगी घरी येऊनबी पुस्तकंच घेऊन बसायली’ असे आई म्हणे आणि ती मुकाट उठून अंगण झाडायला लागे. तू आधी स्वतः बोल, मग हवे तर मी बोलतो, असे मी म्हणालो. तिने त्याच संध्याकाळी वडिलांना फोन लावला, पाच मिनिटे बोलली आणि मग मोबाईल माझ्याकडे दिला. वडिलांनी सगळे ऐकून घेतले आणि व्यवहाराचे बोलले, ‘सकाळचं पाणी भरायचं आम्ही बघतो सर, पर बेण्याच्या दिवसांत ती लागतीच बघा.’ मी म्हणालो, ते सात दिवस आम्ही आधीच सोडले आहेत. त्यावर ते हसले.

दर शनिवारी तीन ओळींचा निरोप पाठवायचा, एवढेच ठरले होते: किती तास झाले, काय अडले, पुढच्या आठवड्यात काय. त्यांपैकी एका शनिवारी निरोप आलाच नाही. वळवाच्या पावसात विजेचा खांब पडून तीन दिवस गाव अंधारात होते.

जुलैच्या सुरुवातीला ती परत आली तेव्हा बेरीज ७१ तास भरली. दोन्ही कच्च्या प्रकरणांची गणिते वहीत होती. नेटच्या वाट्याला जेमतेम आठ तास आले होते आणि ते सांगताना तिचा आवाज थोडा खाली गेला, पण दिवाळीच्या सुट्टीबद्दल सांगताना तिच्या बोलण्यात जी टोचणी होती ती आता नव्हती. ३० पैकी २३ प्रश्नावल्या भरून आल्या होत्या. कागदांच्या कडांना पिवळे ठसे होते. मार्गदर्शकांनी त्यांतल्या सहा परत दिल्या, कारण त्या सहांमध्ये घरच्या माणसांची मजुरी धरलीच नव्हती. आणि त्याच आठवड्यात शनिवारच्या एस.टी.ने ती तो रकाना भरून आणायला पुन्हा गावी गेली.