रोटरी जॉयस्टिक घेण्यापूर्वी
घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी (व्हिडिओ गेमच्या उभ्या यंत्रासाठी) आधी खेळ ठरवा आणि मगच रोटरी जॉयस्टिक घ्या, कारण पिळता येणारा हा दांडा काही खेळांनाच लागतो; उदाहरणार्थ, एसएनके या जपानी गेम कंपनीच्या १९८६ च्या 'इकारी वॉरियर्स'मध्ये दांडा आठ दिशांना ढकलून सैनिक चालवायचा आणि तोच दांडा पिळून बंदुकीचा रोख बदलायचा असतो. त्या यांत्रिक जॉयस्टिकला एका फेरीत बारा टप्पे, म्हणजे दर ३० अंशांवर एक खटका असतो, आणि माझ्या मते तो खटका बोटांना जाणवण्यातच खरी गंमत आहे. जुनी जॉयस्टिक मिळाल्यास दांडा सावकाश पूर्ण फिरवून पाहा. एखाद्या टप्प्यावर रोख भलतीकडे उडाला, तर बहुधा आतले संपर्कबिंदू मळलेले असतात आणि ते हलक्या हाताने पुसावेत. साध्या बटणांच्या एन्कोडरवर, म्हणजे बटणांचे संकेत संगणकाला पोचवणाऱ्या सर्किटवर, विसंबू नका. दांड्याचे फिरणे वाचणारा, रोटरीसाठीचा स्वतंत्र इंटरफेस खर्चात आधीच धरा.